सात वर्षं झोपलेली पेशी

आमच्या शेजारच्या काकांचं मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, केमो झाली, पाच वर्षं सुखरूप गेली म्हणून त्यांनी सोसायटीत पेढेही वाटले. सातव्या वर्षी रक्तातला सीईएचा (हा कॅन्सर उलटला की बऱ्याचदा वाढणाऱ्या प्रथिनाचा) आकडा ३ वरून १९ वर गेला आणि स्कॅनमध्ये यकृतावर डाग दिसला. लगेच जिन्यात निदान झालं: ‘सुरी लागली की गाठ पसरतेच!’

सुरीने पसरली, तर सात वर्षं थांबली कशाला? हा आजार उलटायचा असेल तर बहुतेकदा पहिल्या तीन वर्षांतच उलटतो. पाच वर्षांनंतर उलटणं विरळाच.

खरं तर काही पेशी ऑपरेशनच्या आधीच निसटलेल्या असतात. आतड्यातलं रक्त पोर्टल व्हेनमधून थेट यकृतात जातं, त्यामुळे त्यांचा पहिला मुक्काम तिथेच. बहुतेक मरतात. एखादी तगते, पण विभागत नाही. पेशीचक्रातून बाहेर पडून ‘जी-झीरो’ अवस्थेत पडून राहते. इथेच केमोची पंचाईत होते. फ्लुरोयुरॅसिल हे औषध थायमिडायलेट सिंथेज या विकराला अडवतं, म्हणजे डीएनए बांधायला लागणाऱ्या थायमिन या घटकाचा पुरवठा तोडतं. पण जी पेशी डीएनएची नक्कलच करत नाही, तिचं त्याने काय अडणार?

झोपेचा दुसरा प्रकार मला जास्त आवडतो. अमेरिकी सर्जन ज्यूडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडलं की स्वतःच्या रक्तवाहिन्या मिळाल्या नाहीत, तर गाठ एक-दोन मिलिमीटरच्या पुढे जात नाही. अशा गोळ्यात पेशी विभागत असतात, पण जन्मतात तितक्याच मरतात. बाहेरून सामसूम, आत धुमश्चक्री. वाहिन्या फुटवणाऱ्या व्हीईजीएफसारख्या प्रथिनांचं पारडं जड झालं, की तोल गेलाच.

त्यात प्रतिकारशक्तीच्या टी-पेशींचा पहारा; तो ढिला झाला की झोपलेली पेशी जागी होऊ शकते. मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरवर १६ वर्षांपूर्वी उपचार झालेल्या दात्याचं मूत्रपिंड बसवल्यावर, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्या रुग्णाला तोच मेलानोमा झाल्याची नोंद २००३ ची आहे. कॅन्सर वेगळा, झोप तीच.

‘रक्ताच्या एका थेंबात कॅन्सर पकडा’ छाप जाहिराती म्हणूनच जपून वाचाव्यात. अशा बऱ्याच चाचण्या गाठीने रक्तात सांडलेला डीएनए शोधतात, पण झोपलेली पेशी तो सांडतेच किती? आणि ‘डिटॉक्स’ काढ्यांना तर जी-झीरोचा पत्ताही ठाऊक नसतो.

काकांच्या यकृतात डाग एकच आहे. अशी मोजकी गाठ कापून काढल्यावर काही रुग्ण कायमचे बरे होतात. मंगळवारी ऑपरेशन आहे. जिन्यात मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.