सर्व्हरची रॅम भरलेली दिसते म्हणून कॅश उडवू नका

जळगाव-धुळ्याकडे सर्व्हर सांभाळणाऱ्या पोरांमध्ये एक गोष्ट वर्षानुवर्षं फिरतेय, की लिनक्सवर रॅमचा हिशोब दाखवणारी फ्री कमांड मारली आणि "फ्री" कॉलममधला आकडा कमी दिसला की रॅम संपली, मग क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणारी सोय) ड्रॉप कॅशेसवाली, म्हणजे कॅश रिकामी करणारी, ओळ टाका नाहीतर मशीन रिस्टार्ट करा. भाऊ, हे चुकीचं आहे. लिनक्स रिकामी रॅम मुद्दाम वापरतं, डिस्कवरून वाचलेल्या फाइली तिच्यात ठेवतं (हीच ती कॅश) म्हणजे परत लागल्या तर डिस्ककडे जावं लागत नाही, आणि एखाद्या प्रोग्रामला जागा हवी झाली की त्यातली बरीचशी कॅश सोडूनही देतं. ती तुम्ही उडवली की सगळं परत डिस्कवरून वाचणं आलं, समजा सावदा-रावेरकडच्या केळी व्यापाऱ्याचं बिलिंग त्याच सर्व्हरवर आहे, तर ऐन गाड्या भरायच्या टायमाला ते स्लो होणार.

बघायचा तो फ्री कमांडमधलाच "अव्हेलेबल"चा आकडा, म्हणजे प्रोग्रामना अजून किती रॅम मिळू शकते त्याचा अंदाज. हा अंदाज कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, स्वतः देतं, २०१४ च्या ३.१४ व्हर्जनपासून. तोच तळाला गेला, व्हीएमस्टॅट कमांडमध्ये एसआय-एसओ (रॅममधला डेटा डिस्कवरच्या स्वॅपमध्ये ये-जा करतोय ते दाखवणारे आकडे) सतत हलत राहिले किंवा डीमेसेजमध्ये (कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड) ओओएम किलरनं, म्हणजे रॅम संपली की प्रोग्राम बंद पाडणाऱ्या कर्नलच्या यंत्रणेनं, प्रोसेस मारलेली दिसली, तर मात्र रॅम खरंच कमी पडतेय, मग चालू प्रोग्राम दाखवणारी टॉप कमांड उघडून कॅपिटल एम दाबा आणि कोण खातंय ते शोधा.