शब्द पक्का होतो तो आठवताना

इंग्रजीची परीक्षा जवळ आली की अवघड शब्दांची यादी हातात पडते: मॅग्नॅनिमस, युबिक्विटस, ॲम्बिग्युअस. मुलं एकेक शब्द अर्थासकट दहा-दहा वेळा लिहून काढतात आणि रात्री सगळी यादी घडाघडा म्हणून दाखवतात. महिन्याभराने त्यातलाच एखादा शब्द धड्यात भेटला, तर त्याचा अर्थ काही केल्या आठवत नाही. मग 'याची स्मरणशक्तीच कच्ची' असा शिक्का बसतो. हा शिक्का मला फार खटकतो. अशा घोकंपट्टीनंतर कुणाचाही मेंदू हेच करतो.

विसरण्याचं पहिलं नीट मोजमाप हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्ये प्रसिद्ध केलं. निरर्थक अक्षरगटांच्या याद्या तो स्वतः पाठ करायचा आणि काही काळाने त्याच याद्या पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात ते मोजायचा. तासाभरातच ही बचत निम्म्याखाली येई, एका दिवसाने साधारण एक तृतीयांश उरे. मात्र महिन्यानंतरही सुमारे पाचवा हिस्सा टिकून असे. म्हणजे मोठी गळती सुरुवातीलाच होते.

ती रोखायची कशी? 2008 मध्ये जेफ्री कार्पिकी आणि हेन्री रोडिगर या मानसशास्त्रज्ञांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना 40 स्वाहिली शब्द इंग्रजी अर्थांसह शिकायला दिले. एखादा शब्द एकदा बरोबर आला की काही गटांना तो पुढे फक्त वाचायला मिळे किंवा यादीतून गळून जाई. इतर गटांना त्याचा अर्थ पुन्हा पुन्हा आठवून सांगावा लागे. आठवड्याने, आठवत राहिलेल्यांना सुमारे 80 टक्के शब्द आले, बाकीच्यांना जेमतेम 35 टक्के. आणि आपल्याला किती येईल असं विचारल्यावर सगळ्याच गटांचा अंदाज होता निम्म्याच्या आसपास! पुन्हा पुन्हा वाचलं की शब्द ओळखीचा वाटतो, आणि ती ओळख म्हणजेच आठवण असं आपण धरून चालतो.

आता मेंदूच्या आत जाऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. दोन चेतापेशी जिथे भेटतात त्या जागेला सिनॅप्स म्हणतात. पहिली पेशी ग्लुटामेट हे रसायन सोडते आणि ते दुसरीच्या रिसेप्टरवर, म्हणजे संदेश टिपणाऱ्या रेणूवर, जाऊन बसतं. यातल्या एनएमडीए नावाच्या रिसेप्टरच्या वाटेत मॅग्नेशियमचा आयन, म्हणजे विद्युतभारित कण, अडकलेला असतो. ग्लुटामेट बसलेलं असताना दुसरी पेशीही पुरेशी उत्तेजित असेल, तरच तो आयन बाजूला होतो. मग कॅल्शियम आत शिरतं, एन्झाइम्स जागी होतात आणि एएमपीए नावाचे जादा रिसेप्टर पेशीच्या पृष्ठभागावर येतात. पुढच्या वेळी तोच संदेश अधिक जोरकस पोहोचतो. हा बदल दीर्घकाळ टिकायला मात्र नवी प्रथिनं बनावी लागतात, आणि त्याला वेळ लागतो.

2012 मध्ये उंदरांच्या हिप्पोकॅम्पसच्या, म्हणजे आठवणी घडवणाऱ्या मेंदूच्या भागाच्या, पातळ कापांवर एक सुंदर प्रयोग झाला. एकदा विद्युत उत्तेजना दिल्यावर 10 किंवा 30 मिनिटांनी दिलेल्या दुसऱ्या उत्तेजनेने काहीच भर पडली नाही. 60 मिनिटांनी दिल्यावर मात्र पहिल्या वेळी निसटलेले सिनॅप्सही बळकट झाले. हा निकाल जसाच्या तसा शब्दपाठांतराला लावता येणार नाही. पण मधल्या अंतराचं महत्त्व सिनॅप्सच्या पातळीवरही दिसावं, याचा मला विलक्षण आनंद होतो.

'तुमचं मूल बघून शिकणारं की ऐकून शिकणारं' हे ठरवून देणाऱ्या चाचण्यांवर पालकांनी पैसे घालवू नयेत. त्या वर्गवारीनुसार शिकवल्याने जास्त शिकता येतं याला ठोस पुरावा नाही, असं 2008 मधल्या सविस्तर आढाव्यात आढळलं. बुद्धिवर्धक गोळ्यांच्या जाहिरातींकडे तर बघूही नये.

घरी करायचं ते सोपं आहे. कार्डाच्या एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ आणि आपण स्वतः बनवलेलं एक वाक्य. कार्ड उलटण्याआधी अर्थ आठवायचा, चुकला तरी चालेल. मग मध्ये खंड ठेवायचा. किती? 2008 मध्येच हजाराहून अधिक लोकांना अपरिचित माहिती शिकायला देऊन हे तपासलं गेलं. चाचणी 7 दिवसांनी असेल तर एका दिवसाच्या अंतराने केलेली उजळणी सर्वांत फायद्याची ठरली, आणि 350 दिवसांनी असेल तर 21 दिवसांच्या अंतराने केलेली.