सीपीएसचा आकडा कुठून आला : तोंडाच्या कॅन्सरमधील इम्युनोथेरपीची पार्श्वभूमी

खर्ऱ्याने गालाचा, जबड्याचा कॅन्सर झालेला नागपूरचा पेशंट इम्युनोथेरपीबद्दल, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढवणाऱ्या उपचाराबद्दल विचारतो, तेव्हा पेशींवरच्या पीडी-एल१ या प्रथिनाची तपासणी सांगितली जाते. रिपोर्टवर सीपीएस (कम्बाइन्ड पॉझिटिव्ह स्कोअर) नावाचा आकडा येतो आणि औषध एकटे द्यायचे की केमोसोबत, हे बरेचसे त्यावर ठरते.

१८९०च्या दशकात जंतू टोचून गाठी विरघळवण्याचे प्रयोग झाले, पण पेशींच्या पातळीवर काय घडते ते कळायला शंभर वर्षे लागली. डेंड्रिटिक पेशी गाठीतले प्रथिनांचे तुकडे लसिका ग्रंथीत नेऊन प्रतिकारशक्तीच्या टी-पेशींना दाखवते. सीडी४ ही टी-पेशी त्या डेंड्रिटिक पेशीला सीडी४० या तिच्यावरच्या प्रथिनामार्फत सज्ज करते आणि मग मारेकरी सीडी८ टी-पेशी तयार होते. टी-पेशींना थांबवणारे ब्रेक हळूहळू सापडले: सीटीएलए-४ १९८७ मध्ये, पीडी-१ १९९२ मध्ये. पहिला ब्रेक काढणारे औषध २०११ मध्ये मंजूर झाले, पीडी-१वरची दोन २०१४ मध्ये.

सीडी८ पेशी गाठीत पोचली की इंटरफेरॉन-गॅमा हे संदेश देणारे प्रथिन सोडते. त्याला उत्तर म्हणून कॅन्सरपेशी टी-पेशीचा पीडी-१ ब्रेक दाबणारे पीडी-एल१ वर काढतात, आणि शेजारच्या मॅक्रोफेज या भक्षक पेशीही. म्हणजे मॅक्रोफेजवर दिसणारा पीडी-एल१ ही बऱ्याचदा टी-पेशी तिथवर पोचल्याची खूण असते. म्हणूनच रंगलेल्या कॅन्सरपेशींची फक्त टक्केवारी सांगणारा टीपीएस तोंडाच्या कॅन्सरमध्ये अपुरा पडतो. सीपीएसमध्ये पीडी-एल१च्या तपासणीत रंगलेल्या कॅन्सरपेशी, लिम्फोसाइट आणि मॅक्रोफेज यांची बेरीज करून तिला जिवंत कॅन्सरपेशींच्या एकूण संख्येने भागतात आणि १०० ने गुणतात. समजा २०० कॅन्सरपेशींपैकी २० रंगल्या आणि सोबत ३० रोगप्रतिकारक पेशी रंगल्या. टीपीएस १०, सीपीएस २५. स्लाइड एकच, पण २० ची रेघ एक आकडा ओलांडतो, दुसरा नाही.

आणि ही रेघ महत्त्वाची आहे. २०१९ च्या मोठ्या चाचणीत सीपीएस २० किंवा जास्त असलेल्यांचे मध्यक आयुष्य (निम्मे पेशंट ज्यापेक्षा जास्त जगले तो काळ) एकट्या पेम्ब्रोलिझुमॅब या पीडी-१वरच्या औषधावर १४.९ महिने होते, जुन्या उपचारावर १०.७.

तर्क पक्का आहे, मोजणी मात्र नाजूक. किमान १०० जिवंत कॅन्सरपेशी नसतील तर आकडा देऊच नये. न्यूट्रोफिल आणि प्लाझ्मा पेशी मोजायच्या नसतात; जखम चिघळलेल्या तोंडाच्या बायोप्सीत त्याच भरपूर असतात आणि चुकून मोजल्या की सीपीएस फुगतो. जबड्याचे हाड ॲसिडमध्ये मऊ केले असेल तर रंगावर भरवसा ठेवता येत नाही. त्याच गाठीचा मऊ भाग मागून घ्यावा. रंगवायला वापरलेल्या अँटिबॉडीचा क्लोन, म्हणजे नेमका प्रकारही रिपोर्टवर लिहिलेला हवा. एसपी१४२ या क्लोनने कॅन्सरपेशी २२सी३ या क्लोनपेक्षा कमी रंगतात, त्यामुळे दोन लॅबचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नये.

हा सगळा हिशोब पूर्ण डोस परवडणाऱ्यांसाठी मांडलेला आहे. २०२२ मध्ये भारतीय चाचणीने १५१ पेशंटमध्ये वेगळी वाट धरली: मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब, एर्लोटिनिब या तोंडाने घ्यायच्या औषधांसोबत एका गटाला दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब हे पीडी-१वरचे औषध. नेहमीचा डोस दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम. एका वर्षानंतर निव्होलुमॅब नसलेल्या गटात १६.३ टक्के जिवंत होते, निव्होलुमॅब घेतलेल्या गटात ४३.४ टक्के. पूर्ण डोस न परवडणाऱ्यांसाठीचा स्वस्त पर्याय यातूनच पुढे आला आहे. पूर्ण डोसशी तुलना त्या चाचणीत नव्हती, आणि वाद आजही तिथेच आहे.