लॉटरी जिंकण्याची संभाव्यता

लॉटरी जिंकण्याची संभाव्यता : सोडतीचे एकूण किती निकाल लागू शकतात आणि त्यांपैकी किती निकालांत हातातल्या तिकिटाला बक्षीस मिळते, यांचे गुणोत्तर. आकडे निवडून खेळायच्या लोटो प्रकारच्या सोडतीत ही संख्या अचूक काढता येते. त्यासाठी मागच्या सोडतींचे निकाल लागत नाहीत, खेळाचे नियम पुरतात. किती आकड्यांतून किती काढायचे, क्रम धरायचा की नाही, निघालेला चेंडू परत टाकायचा की नाही, एवढे कळले की उरते ती निव्वळ मोजणी. तिकिटाची खरी किंमत किती, हा प्रश्न मात्र वेगळा आहे. त्याचे उत्तर काढायला बाकीच्या खेळाडूंनी काय केले तेही ठाऊक असावे लागते.

छापील क्रमांकांच्या सोडतीत गणित एका ओळीत संपते. विकल्या गेलेल्या तिकिटांतूनच क्रमांक काढत असतील, तर 1 भागिले विकलेली तिकिटे. न विकलेलीही धरत असतील, तर 1 भागिले छापलेली तिकिटे. तीन अंकी खेळात 000 ते 999 असे 1,000 निकाल असतात, म्हणून अंक नेमक्या क्रमाने जुळण्याची संभाव्यता 1,000 त 1. क्रम कोणताही चालत असेल आणि तिन्ही अंक वेगळे असतील, तर ती 1,000 त 6 होते. दोन अंक सारखे असतील, तर 1,000 त 3.

खरी गंमत लोटोत आहे. 49 आकड्यांतून 6 काढायच्या खेळात पहिला चेंडू 49 प्रकारे येऊ शकतो, दुसरा 48, असे करत सहावा 44 प्रकारे. या सहा संख्यांचा गुणाकार 1,006 कोटींच्या वर जातो. पण तिकिटावर क्रमाला महत्त्व नसते. तेच सहा आकडे 720 वेगवेगळ्या क्रमांनी निघू शकतात, म्हणून त्या गुणाकाराला 720 ने भागायचे. उत्तर येते 1,39,83,816. क्रम न धरता केलेल्या अशा निवडीला गणितात समचय म्हणतात. एका तिकिटावर एक समचय असतो, म्हणून जॅकपॉटची संभाव्यता 1,39,83,816 त 1. हीच गोष्ट ऑड्सच्या भाषेत सांगताना हरण्याचे आणि जिंकण्याचे प्रकार समोरासमोर ठेवतात, म्हणून तिथे 1,39,83,815 विरुद्ध 1 असे येते. संख्या इतकी मोठी असताना या एकाने काही बिघडत नाही, पण तीन अंकी खेळापेक्षाही लहान खेळांत या दोन पद्धतींची गल्लत महागात पडते.

लहान बक्षिसांसाठी निवड दोन ढिगांतून होते असे समजायचे : निघालेले 6 आकडे आणि न निघालेले 43. चार आकडे जुळायचे, तर 6 पैकी 4 निवडण्याचे 15 प्रकार आणि 43 पैकी उरलेले 2 निवडण्याचे 903 प्रकार. गुणाकार 13,545, म्हणजे 1,39,83,816 त 13,545, साधारण 1,032 त 1. याच रीतीने पाच जुळण्याची संभाव्यता 54,201 त 1 आणि तीन जुळण्याची 57 त 1 येते. एकही आकडा न जुळण्याची शक्यता सुमारे 44 टक्के आहे. सहांनंतर आणखी एक बोनस चेंडू काढत असतील, तर पाच आकडे अधिक बोनस असे फक्त 6 समचय असतात, म्हणून 23,30,636 त 1. शेवटचा चेंडू वेगळ्या ड्रममधून काढत असतील, तर दोन्ही मोजण्यांचा गुणाकार करायचा. अमेरिकेतल्या पॉवरबॉलमध्ये 69 तून 5 आणि 26 तून 1 असा नियम आहे. 1,12,38,513 गुणिले 26 म्हणजे 29,22,01,338. आकडे थोडे वाढवले की छेद किती फुगतो, हे ब्रिटनच्या राष्ट्रीय लॉटरीने 2015 मध्ये 49 चे 59 केले तेव्हा दिसले. दहाच चेंडू वाढले, पण समचय 4,50,57,474 झाले, म्हणजे तिपटीहून जास्त.

या गणिताचा इतिहास इटलीतल्या जिनोआ शहरापासून सुरू होतो. तिथे राज्यकारभारासाठी चिठ्ठ्या टाकून पाच जणांची निवड व्हायची आणि लोक त्या नावांवर पैजा लावायचे. त्यातूनच पुढे 90 आकड्यांतून 5 काढायचा खेळ रूढ झाला. प्रशियाच्या फ्रेडरिक राजाकडे 1749 मध्ये असल्या लॉटरीचा प्रस्ताव आला, तेव्हा त्याने तो बर्लिनमध्ये असलेल्या गणितज्ञ लिओनार्ड ऑयलरकडे तपासायला दिला. हा खेळ इटलीत आजही चालतो. एक आकडा ओळखण्याची संभाव्यता 18 त 1, दोन ओळखण्याची 400.5 त 1, तीन ओळखण्याची 11,748 त 1, आणि पाचही ओळखण्याची 4,39,49,268 त 1. दोन आकड्यांना पैजेच्या 250 पट मिळतात, तिनांना 4,500 पट, पाचांना 60 लाख पट. पटींना संभाव्यतेने गुणले की कर वगळता परत येणारा सरासरी वाटा कळतो : दोन आकड्यांवर सुमारे 62 टक्के, तिनांवर 38, पाचांवर जेमतेम 14. बक्षीस जितके डोळे दिपवणारे, तितका सौदा वाईट.

ऑयलर या विषयाकडे पुन्हा वळला, तो एका चमत्कारिक प्रश्नासाठी : निघालेल्या आकड्यांत सलग आकडे किती वेळा येतील? लोकांना 17, 18 अशी जोडी आली की निकाल संशयास्पद वाटतो. 49 तून 6 च्या खेळात एकही सलग जोडी नसलेले समचय 70,59,052 आहेत, म्हणजे निम्म्याहून किंचित जास्त. याचा अर्थ जवळजवळ प्रत्येक दुसऱ्या सोडतीत निदान एक सलग जोडी येते.

चेंडूंना स्मरणशक्ती नसते. बरेच दिवस न आलेला आकडा ‘आता येणारच’ असे मानायला गणितात आधार नाही, आणि नुकताच आलेला आकडा टाळायलाही नाही. बल्गेरियात सप्टेंबर 2009 मध्ये 42 तून 6 च्या खेळात 4, 15, 23, 24, 35, 42 हे आकडे लागोपाठ दोन सोडतींत निघाले आणि सरकारने चौकशी लावली. एका विशिष्ट सोडतीत मागचाच निकाल परत येण्याची संभाव्यता 52,45,786 त 1 आहे, म्हणजे इतर कोणत्याही निकालाइतकीच. जगभर वर्षानुवर्षे चालणाऱ्या सोडती मोजल्या, तर कुठेतरी कधीतरी असे घडणे फारसे अद्भुत उरत नाही. दुसऱ्या वेळी 18 जणांनी ते आकडे लावले होते, हा खरा मनोरंजक भाग.

एकाच सोडतीत वेगवेगळे आकडे लावून जास्त तिकिटे घेतली, तर संभाव्यता सरळ प्रमाणात वाढते. अनेक सोडतींत एकेक तिकीट घेत गेले, तर मात्र आधी प्रत्येक वेळी हरण्याची संभाव्यता गुणत जायची आणि आलेले उत्तर 1 तून वजा करायचे. 49 तून 6 च्या खेळात आठवड्याला दोन सोडती धरल्या, तर एकदा तरी जॅकपॉट लागण्याची संभाव्यता 50 टक्क्यांवर जायला सुमारे 93 हजार वर्षे लागतात.

इथवर खेळाडूच्या निवडीने काहीच फरक पडत नाही. 1, 2, 3, 4, 5, 6 हा समचय निघण्याची शक्यता इतर कोणत्याही समचयाइतकीच आहे. फरक पडतो बक्षिसाच्या वाटणीत, कारण जॅकपॉट बहुधा विजेत्यांमध्ये विभागला जातो. ब्रिटनमध्ये 14 जानेवारी 1995 ला 7, 17, 23, 32, 38, 42 हे आकडे निघाले. सुमारे 7 कोटी तिकिटे विकली गेली होती, म्हणजे पाचेक विजेते अपेक्षित होते. निघाले 133. सुमारे 1 कोटी 63 लाख पौंडांचा जॅकपॉट वाटून प्रत्येकाच्या हाती 1,22,510 पौंड आले. लोक आकडे यदृच्छेने निवडत नाहीत : कुणी तिकिटावरच्या आकड्यांत नक्षी साधतात, कुणी वाढदिवस लावतात. सहाही आकडे 31 किंवा त्याखालचे असण्याची संभाव्यता फक्त 5.3 टक्के असली, तरी तारखा लावणाऱ्यांची सगळी गर्दी तिथेच असते. दक्षिण आफ्रिकेत 1 डिसेंबर 2020 ला 5, 6, 7, 8, 9 आणि पॉवरबॉल, म्हणजे वेगळा काढलेला चेंडू, 10 असा निकाल लागला, तर 20 विजेते निघाले.

म्हणून जॅकपॉटचे अपेक्षित मूल्य, म्हणजे एका तिकिटामागे सरासरी मिळणारी रक्कम, काढताना रकमेला नुसत्या संभाव्यतेने गुणून भागत नाही. विकलेली तिकिटे एकूण समचयांइतकी असतील आणि सर्वांनी यदृच्छ निवड केली असेल, तर जिंकणाऱ्याच्या वाट्याला सरासरी 63 टक्के रक्कम येते. तिकिटे पाचपट असतील, तर 20 टक्के. जॅकपॉट साठत गेला की तिकीट फायद्याचे वाटू लागते, पण मोठ्या रकमेच्या बातमीने तिकिटेही वाढतात आणि वाटेकरीही.

हे वाटेकरी फार नसतील असा अंदाज धरून 1992 मध्ये एका ऑस्ट्रेलियन गटाने अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याची लॉटरी लक्ष्य केली. रुमानियात जन्मलेला स्टेफान मँडेल याची ती योजना होती. खेळ 44 तून 6 चा, तिकीट 1 डॉलरचे, जॅकपॉट सुमारे 2 कोटी 70 लाख डॉलर. एकूण समचय पुन्हा 70,59,052, ऑयलरच्या प्रश्नातली तीच संख्या, कारण सलग जोडी टाळण्याची मोजणी 44 तून 6 निवडण्यावरच येऊन ठेपते. सगळे समचय विकत घ्यायचा बेत होता, पण विक्रेत्यांकडची यंत्रे तितकी वेगाने तिकिटे छापू शकली नाहीत आणि मुदत संपेपर्यंत सुमारे 50 लाखच हाती आली. दर सात समचयांमागे दोन सुटले होते. विजेता समचय सुटलेल्यांत नव्हता, आणि तो दुसऱ्या कुणी लावलेलाही नव्हता.