दिवसाच्या विजेची जुनी गोष्ट

गावोगावच्या वीज उपकेंद्रांजवळ सध्या सौर पॅनेलच्या रांगा उभ्या राहताहेत. शेतीपंपांना दिवसा सौर वीज देण्यासाठी २०२३ मध्ये ‘मुख्यमंत्री सौर कृषिवाहिनी योजना २.०’ आली. तिच्याकडे हरित ऊर्जेची योजना म्हणूनही पाहिलं जातं. तिचं मूळ मात्र हवामान बदलाच्या चर्चेत नाही. ते शेतीपंपाच्या विजेच्या अर्ध्या शतकाच्या दुखण्यात आहे.

१९७२ च्या दुष्काळानंतर विहिरी वाढल्या, मागाहून बोअर आले. जिथे कालवा पोचला नाही, तिथली बागायत मोटरच्या भरवशावर उभी राहिली. सत्तरच्या दशकातच मीटरऐवजी अश्वशक्तीवर बिल आकारण्याची पद्धत रुळली आणि कोण किती वीज वापरतो याचा हिशेबच सुटला. गळती आणि चोरीसुद्धा शेतीच्या खात्यावर टाकणं सोपं झालं. शेतीच्या स्वस्त विजेची भरपाई उद्योगांना जादा दर लावून करायची, हेही अंगवळणी पडलं.

वीज सगळीकडे सारखी पोचलीही नाही. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या समितीने १९८४ मध्ये राज्याचा प्रादेशिक असमतोल मोजला, त्यात ग्रामीण विद्युतीकरण हा एक निकष होता. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळं आली आणि विदर्भातल्या शेतीपंपांच्या जोडण्यांचा अनुशेष वर्षानुवर्षं गाजत राहिला. पण मोजल्या गेल्या त्या जोडण्या. तारेतून वीज कोणत्या वेळी येते, हे अनुशेषाच्या तक्त्यात नव्हतं, आणि माझ्या मते नियोजनाची खरी चूक तिथे झाली.

कारण शेतकऱ्याचं आयुष्य त्या वेळेनेच पोखरलं. भारनियमनाच्या काळात मोटरला लागणारी थ्री फेज वीज पाळीपाळीने मिळू लागली: काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री दहा तास. रात्रीच्या पाळीत अंधारात पिकाला पाणी देत दारं धरायची, सापाची भीती, जुन्नरकडे बिबट्याची. म्हणून लोक मोटरला ऑटो स्विच लावू लागले. मग वीज येताच सगळ्या मोटरी एकदम सुरू होतात, डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळते आणि ऐन हंगामात पीक वाळतं. २००४ च्या निवडणुकीआधी मोफत वीज जाहीर झाली, पुढच्या वर्षी ती मागे घेतली गेली. रात्रीची पाळी कायम राहिली.

याच काळात गावठाणाची आणि शेतीची वाहिनी, म्हणजे उपकेंद्रातून निघणारी वीजतार (फीडर), वेगळी करण्याचं काम मात्र झालं. ते झालं नसतं, तर पुढचं काहीच शक्य नव्हतं. शेतीची वाहिनी स्वतंत्र असेल, तर तिच्या उपकेंद्राजवळच सौर प्रकल्प उभारून सगळ्या पंपांना दिवसा वीज देता येते, प्रत्येकाच्या बांधावर वेगळं पॅनेल लागत नाही. वीज क्षेत्राचा अभ्यास करणाऱ्या पुण्याच्या ‘प्रयास’ संस्थेने ही मांडणी नेटाने केली. २०१७ मध्ये राज्याने सौर कृषिवाहिनी योजनेचा पहिला टप्पा आणला. राळेगणसिद्धी हे सुरुवातीच्या गावांपैकी एक. २०१९ मध्ये शेतीपंपांच्या सौर विजेसाठी केंद्राची ‘कुसुम’ योजना आली. दुसऱ्या टप्प्यात खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं ठरलं आणि या प्रकल्पांची वीज महावितरणला युनिटमागे तीन रुपयांच्या आसपास मिळू लागली. त्या टप्प्यातला पहिला प्रकल्प २०२४ मध्ये वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावात सुरू झाला.

त्याच वर्षी साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचं बिल सरकारने माफ केलं. दिवसा वीज आणि तीही फुकट, हे शेतकऱ्याला मिळायलाच हवं होतं असं मी मानतो. पण फुकट विजेने पाण्याचा उपसा वाढू शकतो, आणि मराठवाड्यातले बोअर आधीच खोल गेले आहेत. २००९ च्या भूजल अधिनियमाने ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध घातले. त्या कायद्याची अंमलबजावणी आणि सौर वाहिन्यांचं नियोजन यांची सांगड अजून दिसत नाही.