एसटी चालकांचा कामाचा ताण आणि कार्यसमाधान

महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या, म्हणजेच एसटीच्या, बसचालकांना कामातून येणारा शारीरिक व मानसिक ताण आणि त्याच कामातून मिळणारे समाधान यांचा हा अभ्यासविषय. पहिली एसटी १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर धावली. तेव्हापासून गाड्या बदलल्या, रस्ते रुंदावले, तरी चालकाच्या कामाची मांडणी फारशी बदललेली नाही. गाडी कोणती, मार्ग कोणता, सुटायचे किती वाजता, हे आगारात ठरते; रस्त्यावर जे घडेल त्याला मात्र तो एकटा जबाबदार असतो. एसटी चालकाच्या ताणाचे मूळ वाहन चालवण्याच्या श्रमापेक्षा या विषम वाटणीत अधिक आहे.

कामाच्या ताणाचे जे प्रारूप अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट करासेक यांनी १९७९ मध्ये मांडले, ते या व्यवसायाला चपखल लागू पडते. कामाची मागणी मोठी आणि कामावरचा ताबा कमी, असे जिथे असते तिथे ताण सर्वाधिक, असे ते सांगते. वेळापत्रक कागदावर पक्के असते. वाटेत टोलनाका, आठवडी बाजार, घाटात बंद पडलेला ट्रक आणि थांब्यावरची गर्दी असते. उशीर झाला की प्रवासी चालकाला बोलतात, आणि लवकर पोहोचण्यासाठी वेग वाढवला तरीही तेच बोलतात.

बसचालकांच्या आरोग्याचा अभ्यास जुना आहे. लंडनच्या दुमजली बसमधील चालक व वाहक यांची तुलना ब्रिटिश साथरोगशास्त्रज्ञ जेरी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केली. दिवसभर जिने चढणाऱ्या वाहकांपेक्षा बसून काम करणाऱ्या चालकांमध्ये हृदयविकार अधिक आढळला. पुढे १९५६ मध्ये त्यांनी गणवेशाच्या मापांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा चालकांच्या विजारींचा कंबरघेर नोकरीच्या सुरुवातीपासूनच मोठा असल्याचे दिसले. म्हणजे सगळा दोष बैठ्या कामावर टाकून चालणार नव्हते. एसटीबाबत बोलताना ही सावधगिरी उपयोगी आहे, कारण आपल्याकडे चालकाच्या आजाराचे खापर चटकन त्याच्या तंबाखूवर फोडले जाते. केबिनमध्ये शेजारीच असलेल्या इंजिनाची उन्हाळ्यातली धग, आवाज, जुन्या सीटमधून कमरेला बसणारे हादरे आणि वाटेत स्वच्छ स्वच्छतागृह नसल्याने मुद्दाम कमी प्यालेले पाणी, यांचा हिशेब त्यात कुणी धरत नाही.

कामाच्या तासांना कायद्याने मर्यादा घातली. मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१ नुसार प्रौढ कामगाराला दिवसाला ८ व आठवड्याला ४८ तास, लांब पल्ल्यासाठी परवानगीने १० व ५४ तास अशी कमाल ठरवली गेली. सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती आणि मधल्या विश्रांतीसह एकूण कामाचा पसारा १२ तासांच्या आत, हेही त्यात होते. हा कायदा पुढे २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत सामावला गेला. मात्र तुकड्यातुकड्यांत विभागलेल्या ड्युटीत स्टिअरिंगवरचे तास मर्यादेत बसले, तरी दोन फेऱ्यांमधले तास स्थानकावर खोळंबण्यात जातात. हा वेळ नियमात विश्रांतीचा धरला जातो, पण पंख्याशिवायच्या खोलीत किंवा रिकाम्या गाडीत पाठ टेकून माणूस खरोखर विसावत नाही. सुट्टी व ओव्हरटाइम यांचाही असाच पेच असतो. घरखर्चासाठी ओव्हरटाइम हवा असतो आणि अंग मात्र नाही म्हणत असते.

मुक्कामी गाडी हा एसटीचा एक खास प्रकार. रात्री शेवटची फेरी घेऊन गाडी गावात पोहोचते, चालक-वाहक तिथेच झोपतात आणि पहाटे पहिली फेरी घेऊन निघतात. सोय गावागणिक वेगळी. कुठे ग्रामपंचायतीची खोली मिळते. कुठे बाकड्यांवर चादर टाकून गाडीतच झोपावे लागते आणि डासांमुळे काचा बंद, तर उकाड्यामुळे उघड्या, असा रात्रभर खेळ चालतो. पहाटे त्याच डोळ्यांनी शाळा-कॉलेजची मुले आणि दुधाच्या किटल्या घेऊन घाट उतरायचा असतो. तरीही अनेक चालक मुक्कामी ड्युटीबद्दल आपुलकीने बोलतात. गावातले कुणी भाकरी-कालवण आणून देते, आजारी माणसाला तालुक्याला नेण्यासाठी हक्काने उठवते. गाव चालकाला नावाने ओळखते, आणि त्या ओळखीचे मोल पगारपत्रकात दिसत नाही.

समाधानाची इतर ठिकाणेही कामाच्या आतच आहेत. ठरलेली, हाताला सवयीची गाडी मिळणे हे त्यातले मोठे. क्लच कुठे पकडतो, ब्रेक किती दाबावा लागतो हे माहीत असलेल्या गाडीवर डिझेलही वाचते. डिझेलच्या हिशेबात दर दहा लिटरमागे किती किलोमीटर पडले हे पाहिले जाते. चांगला आकडा अभिमानाचा असतो, तर नादुरुस्त गाडीवर पडलेला वाईट आकडा मनाला लागतो. दीर्घकाळ विनाअपघात सेवा करणाऱ्या चालकांचा महामंडळ बिल्ला देऊन सत्कार करते, तो बिल्ला निवृत्तीनंतरही जपला जातो. आषाढीला पंढरपूरच्या आणि गणपतीला कोकणच्या जादा गाड्या चालवताना शरीर थकते, पण वारकरी उतरताना पाया पडतो तेव्हा कामाला वेगळा अर्थ येतो. अर्थात या आदरावर बोट ठेवून कामाच्या अटींचा प्रश्न टाळणे योग्य नाही.

वेतनाचा प्रश्न ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेल्या संपात उघड झाला. महामंडळाचे राज्य शासनात विलीनीकरण ही मुख्य मागणी होती. २४ नोव्हेंबर २०२१ रोजी शासनाने सेवाकालानुसार मूळ वेतनात ५०००, ४००० व २५०० रुपयांची वाढ जाहीर केली, तरी संप मिटला नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२२ पर्यंत रुजू होण्यास सांगितल्यानंतर कर्मचारी कामावर परतले. विलीनीकरण झाले नाही.

ड्युटी वाटपाचे गांभीर्य एका भीषण घटनेने समोर आणले. २५ जानेवारी २०१२ रोजी पुण्याच्या स्वारगेट आगारातून एका चालकाने बस बाहेर काढून बेदरकारपणे चालवली; त्यात ९ जणांचा जीव गेला. रात्रीची ड्युटी बदलून मागितली होती आणि ती मिळाली नव्हती, ही बाब खटल्यात आली. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये त्याची फाशी रद्द करून जन्मठेप दिली. या गुन्ह्याला कामाच्या ताणाचे निमित्त देता येत नाही आणि त्यावरून हजारो चालकांकडे संशयाने पाहणे तर सरळ अन्याय आहे. पण ड्युटी बदलून मागणारा माणूस काय सांगतो आहे, हे ऐकून घेणारी व्यवस्था आगारात असावी, ही गरज त्यानंतर नाकारता आली नाही.

ताण कमी करणारे उपाय साधे आहेत. ड्युटीचे चक्र आठवडाभर आधी फलकावर लागणे, रात्रपाळीनंतर पुरेशी झोप, विश्रांतीगृहात पाणी, पंखा व स्वच्छ शौचालय, नजर व रक्तदाबाची नियमित तपासणी आणि वाटप करणाऱ्या कारकुनाच्या मर्जीऐवजी सेवाज्येष्ठतेचा लेखी नियम. २०२३ पासून महिला चालकही एसटी चालवू लागल्या आहेत. त्यामुळे वेगळी विश्रांतीगृहे आणि मुक्कामाच्या ठिकाणची सुरक्षितता हे प्रश्न आता पुढे ढकलता येण्यासारखे राहिलेले नाहीत.