लेखकाचे नैतिक हक्क : खान्देशी गाणी व ऑनलाइन चित्रफिती

कृतीवर आपले नाव असावे आणि प्रतिष्ठेला बाध येईल अशी तिची मोडतोड होऊ नये, हे लेखकाचे दोन नैतिक हक्क. भारतात ते प्रताधिकार (कॉपीराइट) अधिनियम १९५७ च्या कलम ५७ मध्ये आहेत. प्रताधिकार विकला तरी ते लेखकाकडेच राहतात. खान्देशात त्यांचा संबंध मुख्यतः यूट्यूबवरील अहिराणी व लेवा गणबोलीतील गाण्यांशी येतो.

कानबाईच्या उत्सवाची, आखाजीची (अक्षय्य तृतीयेची) किंवा लग्नातली परंपरागत गाणी कोणा एकाच्या मालकीची नाहीत. मात्र त्यांचे प्रत्येक ध्वनिमुद्रण स्वतंत्रपणे संरक्षित असते. यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा नोंदवलेल्या ध्वनिचित्राशी साम्य जुळवते. नाव गाळले गेले हे तिला कळत नाही. मुद्रणाचा मालक म्हणजे गाण्याचा मालक नव्हे, हे या यंत्रणेतून दावा लावणारे सोयीस्करपणे विसरतात.

बहिणाबाई चौधरी यांच्या रचनांवरील प्रताधिकाराची मुदत हा खरा गुंतागुंतीचा भाग. त्यांचे निधन ३ डिसेंबर १९५१ चे, ही तारीख सर्वसाधारणपणे मान्य आहे. तेथून मोजल्यास प्रताधिकाराची ६० वर्षांची मुदत २०११ अखेर भरते. पण त्यांच्या रचनांचा संग्रह १९५२ मध्ये निघाला. मरणोत्तर प्रकाशित कृतींना कलम २४ लागते आणि मोजणी प्रकाशनापासून होते, म्हणजे २०१२ अखेर. एखादी रचना हयातीतच छापली गेली असल्यास तिला पहिलाच हिशेब लागेल. पुत्र सोपानदेव यांनी रचना ऐकून टिपल्या, म्हणून त्यांना सहलेखक धरावे असा तर्क करता येतो व तसे केल्यास मुदत बरीच लांबते. परंतु टिपून घेणे म्हणजे रचणे नव्हे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. नैतिक हक्कांना हा हिशेब लागू नाही. विद्रूपीकरणाविरुद्धच्या दाव्याला असलेली प्रताधिकाराच्या मुदतीची अट २०१२ च्या दुरुस्तीने गेली, आणि कृतीवर नाव असण्याचा हक्कही वारसांना बजावता येऊ लागला. म्हणून त्यांची ओवी आज कोणीही गाऊ शकत असले, तरी ‘पारंपरिक खान्देशी गीत’ म्हणून ती यूट्यूबवर चढवणे आक्षेपार्हच.

प्रताधिकारभंगाची लेखी तक्रार मिळाल्यावर यूट्यूबसारख्या मंचाने ३६ तासांत चित्रफीत रोखावी, असे प्रताधिकार नियम २०१३ मधील नियम ७५ सांगतो; २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश सादर न झाल्यास ती पुन्हा खुली करता येते. गायक-वादकांना २०१२ पासून कलम ३८-ब नुसार कलाकार म्हणून नाव मिळण्याचा हक्क आहे. सादरीकरणाच्या वापराच्या स्वरूपामुळेच नाव गळत असेल तेवढा अपवाद.